डबीपायी चळलेली माणसं

कुणाला सांगू नका, पण आमच्या धाकट्या भावोजींना परवा पोलिसानं हटकलं.

भावोजी कसे आहेत ते आधी सांगते, म्हणजे प्रकरणाचं गांभीर्य कळेल. चार्टर्ड अकौंटंट. इंग्लंडात राहून केस पिकले, पण पार्किंगचा एक दंड नाही. लायब्ररीचं पुस्तक मुदतीच्या आदल्या दिवशी परत. हॉटेलात बिल आलं की बेरीज तपासणार, आणि वेटरनं चुकून कमी लावलं असेल तर तेही त्याला बोलावून सांगणार. असा हा माणूस भर दुपारी लायब्ररीसमोरच्या बाकावर बसून, नजर आभाळाकडे लावून, उजव्या हातानं बाकाची खालची बाजू चाचपत होता. कुणी जवळून गेलं की हात मांडीवर, माणूस पुढे सरकला की हात पुन्हा बाकाखाली. शेवटी गस्तीवरचा पोलीस आला आणि अदबीनं म्हणाला, "काही हरवलंय का?"

"नाही. डबी शोधतोय."

"तुमची?"

"नाही."

"मग कुणाची?"

"ते ठाऊक नाही."

"आत काय आहे?"

"कागद."

"महत्त्वाचा?"

"छे. त्यावर सही करायची आणि होता तिथे ठेवून द्यायचा."

"वहिनी, मी समोरच उभी होते. ओळखच दाखवली नाही," धाकटी जाऊ मला फोनवर सांगत होती. पोलिसानं नोंद वगैरे काही केली नाही. नुसती मान हलवली. पण ती मान दंडापेक्षा जास्त लागली म्हणे तिला.

या रोगाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबी (हे लोक तिला 'कॅश' म्हणतात) सार्वजनिक जागी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी फोन हातात धरून ती हुडकायची. सापडली की आतल्या कागदावर टोपणनाव आणि तारीख लिहायची, डबी जशीच्या तशी परत लपवायची आणि घरी जाऊन ॲपवर 'सापडली' म्हणून नोंदवायची. नकाशावर त्या जागी एक पिवळा हसरा चेहरा उमटतो. झालं. बक्षीस नाही, पैसा नाही, टाळ्या वाजवायला कुणी नाही. जगभरात अशा तीस लाखांहून जास्त डब्या लपवलेल्या आहेत. तुम्ही बसस्टॉपवर ज्या खांबाला टेकता, त्या खांबालाही एखादी असेल.

डोंगरात, रानात जाऊन हे करणारे वेगळे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, तेवढंच त्यांचं चालणं होतं. मला धक्का बसला तो गावातल्या डब्यांचा. रस्त्याच्या नावाच्या पाटीमागे, रेलिंगच्या आतल्या अंगाला, बाकाखाली, सुपरमार्केटच्या पार्किंगच्या कठड्यात. यांतल्या सगळ्यांत धाकट्या डबीला नॅनो म्हणतात. दहा मिलिलिटरपेक्षा कमी मापाची ती नॅनो. जाऊबाईंनी मला एक दाखवली. करंगळीच्या नखाएवढी, काळी, बुडाला चुंबक. लोखंडी खांबाला लावली की बोल्टच वाटतो, हात लावून फिरवल्याशिवाय कळत नाही. झाकण उघडलं की आत कागदाची चिंचोळी पट्टी, गच्च गुंडाळलेली. ती बोटांनी निघत नाही. म्हणून भावोजींनी काय केलं? जाऊबाईंचा भुवया कोरायचा चिमटा खिशात घातला. तो कायमचा खिशातच राहिला. पट्टी एकदा बाहेर आली की आत जायला तयार नसते, सुटते, वाऱ्यावर फडफडते. मग हा पन्नाशीपुढचा माणूस भर रस्त्यात, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी, दाताखाली झाकण धरून ती पट्टी पुन्हा वळत बसतो. घरी सुईत दोरा ओवायला सांगा, चष्मा सापडत नाही.

यातलं खरं लाजिरवाणं पुढेच आहे. ही डबी शोधताना कुणाला कळता कामा नये असा दंडक आहे. कळलं तर कुणीतरी डबी उचलून फेकून देईल, नाहीतर पोरं पळवतील. त्यामुळे सोंगं आणावी लागतात. बुटाची नाडी बांधायला वाकायचं आणि पाच मिनिटं वाकूनच राहायचं. फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलतोय असं दाखवत खांबाभोवती प्रदक्षिणा घालायच्या. हातात कुत्र्याचा नुसता पट्टा घेऊन, नसलेल्या कुत्र्याला हाका मारत झुडपांत शिरणारे महाभाग आहेत म्हणे. आणि सगळ्यांत वरचढ युक्ती म्हणजे चमकत्या पिवळ्या रंगाचं रस्ता-कामगाराचं जाकीट घालायचं आणि हातात कागद लावलेला पॅड धरायचा. मग तुम्ही भर चौकात विजेच्या पेटीमागे डोकं घातलं तरी कुणी विचारत नाही. इंग्लंडात पिवळं जाकीट अंगात असलं की कुठेही शिरता येतं. ही गोष्ट या लोकांनी आम्हाला शिकवली, आणि तेव्हापासून खऱ्या कामगारांवरचाही माझा विश्वास उडालाय.

जे यात नाहीत त्यांना ही मंडळी 'मगल' म्हणतात. हॅरी पॉटरच्या पुस्तकातून उचललेला शब्द. जादू न येणारी सामान्य माणसं ती मगल. म्हणजे मी, तुम्ही, तो बिचारा पोलीस आणि स्वतःच्या नवऱ्याला ओळख न दाखवणारी माझी जाऊ. डबी मिळाली नाही तर निदान चारचौघांना अडाणी ठरवल्याचं समाधान पदरात पडतंच.

याचं मूळ कुठे आहे विचाराल, तर बिल क्लिंटन. हसू नका. त्यांच्या खात्यावर आधीच पुष्कळ आहे, पण हेही तिथेच मांडावं लागतं. अमेरिकन लष्कराचे जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून संदेश पाठवतात, त्यात सर्वसामान्यांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असायची. तुम्ही कुठे आहात ते कळायचं, पण शंभर मीटर इकडे-तिकडे. २००० साली १ मे रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनीच, क्लिंटन साहेबांनी जाहीर केलं की ही चूक बंद. त्या रात्रीत अचूकपणा दहापट वाढला. जहाजं, विमानं, रुग्णवाहिका, शेती, केवढ्या गोष्टींना याचा उपयोग! आणि डेव्ह अल्मर नावाच्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय सुचावं? ३ मे रोजी त्यानं ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीकच्या रानात, एक काळी बादली लपवली. आत काही पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि शिजवलेल्या बीन्सचा एक डबा असा ऐवज. मग इंटरनेटवर अक्षांश-रेखांश देऊन सांगितलं, शोधा, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. काही दिवसांतच लोक तिथे पोचलेसुद्धा! सप्टेंबरमध्ये याची वेबसाइट निघाली, तेव्हा जगात सगळ्या मिळून पंचाहत्तर डब्या होत्या. तो बीन्सचा डबा पुढे जपून ठेवला गेला, आणि आज हौशी लोकांच्या मेळाव्यात त्याचं दर्शन घडवतात. बीन्सच्या डब्याचं दर्शन. मी फक्त सांगते आहे.

आमचे हे म्हणतात, अमेरिकेला दोष देऊ नकोस, इंग्रजांना ही खोड जुनीच. ते खरं आहे. डार्टमूरच्या दलदलीत क्रॅनमिअर पूल नावाची एक आडवाटेची जागा आहे. जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं १८५४ साली तिथे एक बाटली ठेवली आणि चिखल तुडवत येणाऱ्यांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकावं अशी सोय केली. व्हिक्टोरिया राणीचं राज्य, कंबरेपर्यंत चिखल, आणि खिशात छापील कार्ड. म्हणजे चळ जुनाच, फोन तेवढा नवा.

इथल्या डब्यांच्या तर मालिकाच आहेत. चर्चजवळच्या डब्यांची एक मालिका आहे, तीत हजारो डब्या आहेत. देवळाच्या दारात उभं राहून पायरीखाली हात घालणारी माणसं आपल्याकडे असती तर त्यांच्या चपला तिथेच राहिल्या असत्या. दुसरी मालिका रेल्वे स्टेशनांजवळची. तिसरी माझी लाडकी: लाल टेलिफोन बॉक्स आणि लाल पोस्टाची पेटी जिथे एकमेकांच्या शेजारी दिसतात, तिथे एक डबी. या जोडप्याच्या मागे लोक गावोगाव गाड्या घेऊन हिंडतात. आपल्याकडे लग्न जमवणारे मध्यस्थसुद्धा इतके हिंडत नाहीत.

आणि हे सगळं नियमानं, बरं का! लपवाछपवीला नियमावली! दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटरचं अंतर हवं. जमीनमालकाची परवानगी हवी. खणून पुरायचं नाही. खाण्याची वस्तू ठेवायची नाही, कारण वासावर जनावरं येतात (अल्मर साहेबांचे बीन्स या नियमातून सुटले, पहिल्या पिढीला सगळं माफ). दगडांवर दगड रचलेल्या जुन्या गडग्यात हात घालायचा नाही, कारण गडगा ढासळतो. डबी शोधायला किती अवघड आणि वाट किती बिकट, याला एकपासून पाचपर्यंत गुण. अर्ध्या-अर्ध्या गुणांनी ही नऊ गुणिले नऊ अशी एक्याऐंशी घरं होतात आणि ती सगळी भरायची असतात. दुसरा तक्ता वर्षाच्या ३६६ दिवसांचा. त्यात २९ फेब्रुवारीसुद्धा! त्या दिवशी डबी सापडली नाही तर चार वर्षं थांबा.

गेल्या वर्षी भावोजी लग्नाच्या वाढदिवशी स्वतःहून म्हणाले, "चल, बाहेर जाऊ." जाऊबाई पैठणी नेसून गाडीत बसल्या. गाडी थांबली ती औद्योगिक वसाहतीत, टायरच्या गोदामामागे. तक्त्यात नेमकी तीच तारीख रिकामी होती.

सासूबाई वाईला असतात. त्यांना हे फोनवर समजावणं हे माझं काम. त्यांनी आधी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे गुप्तधनच." त्यांच्या माहेरच्या वाड्यात एकदा पायाळू माणूस बोलावला होता म्हणे. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं, त्याच्या डोळ्यांत अंजन घालतात, वगैरे. त्या माणसानं न्हाणीघराची फरशी उखडायला लावली, निघालं काहीच नाही, आणि फरशी पुन्हा सरळ बसली नाही ती नाहीच. मी म्हटलं, इथे अंजनाऐवजी निदान चार उपग्रह लागतात, आणि गल्लीत दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की संदेश भिंतींवर आपटून येतो, मग फोन तुम्हाला खुशाल रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं करतो. सासूबाईंना उपग्रहांचं काही वाटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "सापडलं की ठेवून देतात परत? मग शोधतात कशाला?" या प्रश्नाला भावोजींकडेही उत्तर नव्हतं. ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि "आई, हवा कशी आहे तिकडे?" असं विचारू लागले.

काही डब्यांच्या आधी म्हणे गणित सोडवावं लागतं. गावातल्या पाट्या वाचायच्या, त्यांवरचे आकडे गोळा करायचे, बेरीज-वजाबाकी केली की खऱ्या डबीचे अक्षांश मिळतात. इंग्लंडात बाकांवर दिवंगत माणसांच्या नावाच्या पितळी पाट्या असतात. तेव्हा एखाद्या आजीच्या जन्मसालातून एखाद्या आजोबांचं मृत्युसाल वजा करणं वगैरे प्रकार भावोजी पेन्सिल कानावर ठेवून करत असतात. मला सांगा, हे शोभतं का? एक मात्र कबूल करायला हवं, त्या आजी-आजोबांची नावं आता गावात भावोजींइतकी कुणालाच पाठ नाहीत. नगरसेवकालाही नसतील.

२०११ साली तर यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात कहरच झाला. कॅफेबाहेर कुणीतरी लगबगीनं डबी ठेवून गेलेलं दिसलं, लोकांना संशय आला, पोलीस आले, रस्ते बंद झाले, दुकानं रिकामी केली, लष्कराचं बॉम्ब निकामी करणारं पथक आलं आणि त्यांनी ती डबी उडवून दिली. आत काय होतं, तुम्हाला आता ठाऊकच आहे. तेव्हापासून जाणती मंडळी गावात पारदर्शक डबी ठेवा, वर नाव लिहा, असं सांगतात. पण पारदर्शक डबी लपवायची म्हणजे काय, ते मला अजून उमगलेलं नाही.

पहिलं कोण पोचतं याचीही चुरस असते. नवी डबी जाहीर झाली की फोनवर सूचना येते, आणि पट्टीवर पहिली सही आपली व्हावी म्हणून लोक रात्री अकरा वाजता पायजम्यावर कोट चढवून निघतात. तिथे अंधारात टॉर्च घेऊन आणखी दोघे आधीच उभे असतात. तिघंही सभ्य. एक दंतवैद्य, एक शाळामास्तर, एक आमचे. एकमेकांना "गुड इव्हनिंग" म्हणतात आणि कठड्यामागे हात घालतात.

मोठ्या डब्यांतून प्रवासी बिल्लेही फिरतात. एखाद्या वस्तूला क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावून सोडायचा. ज्याला मिळेल त्यानं तो पुढच्या डबीत टाकायचा, आणि मालकानं घरबसल्या त्याचा माग काढायचा. भावोजींनी कोल्हापुरी चपलेची किचेन सोडली. तिला कोल्हापूर गाठायचं आहे, अशी टीपही लिहिली. ती आधी वेल्सला गेली, मग नॉर्वेला, आणि सध्या फिनलंडमध्ये बर्फात अडकली आहे. रोज सकाळी चहाबरोबर भावोजी "चप्पल कुठवर आली?" ते बघतात. पोरगी युनिव्हर्सिटीतून कधी येणार, ते जाऊबाईंना विचारतात.

पृथ्वीवर तरी थांबावं की नाही? रिचर्ड गॅरियट २००८ साली पैसे भरून अंतराळ स्थानकात गेला, तेव्हा तिथेही एक कॅश नोंदवून आला. पर्सिव्हिअरन्स नावाची नासाची गाडी २०२१ साली मंगळावर उतरली, तिच्या उपकरणाची तपासणी करायला जे नमुने बसवलेत त्यांतल्या हेल्मेटच्या काचेच्या तुकड्यावर असाच माग काढायचा क्रमांक कोरलाय. शिवाय शेरलॉक होम्सचा बेकर स्ट्रीटचा पत्ताही, कारण त्या उपकरणाचं नावच तसलं. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंगळाच्या वाटेला जाऊ नका म्हणावं, आधीच घरात काय कमी आहे!"

जाऊबाईंनी मधे भावोजींना भारतात पाठवून बघितलं. वाटलं, हवापालट होईल. तर मुंबई-पुण्यातही अशा डब्या आहेत, तुरळक, पण आहेत. मात्र तिथे भावोजींचं काही चाललं नाही. एकतर ज्या देशात प्रत्येक स्टेशनावर बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून कंठशोष चालतो, तिथे खांबाला चिकटलेली अनोळखी डबी काढायला जिगर लागते. आणि दुसरं म्हणजे लपूनछपून काही करायचं, तर ते पुण्यात कसं करणार? भावोजी एका पारापाशी जरा वाकले मात्र, "काय पडलं का?" करत एक गृहस्थ थांबले. पाठोपाठ दुधाची पिशवी घेतलेले दुसरे. रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली. "अंगठी का? कधी पडली? बायकोची की तुमची?" पाच मिनिटांत सात-आठ माणसं पारावर ओणवी झाली. एकानं गटारावरची जाळी उचलली. समोरच्या वाड्यातून आजींनी टॉर्च पाठवला. "नुसती डबी आहे, आत कागद आहे," असं भावोजी सांगायला गेले, तेव्हा एक जण पोक्तपणे म्हणाला, "सातबारा का?" भावोजींनी मान डोलावली. तेवढ्यापुरतं खोटं त्यांच्या जिभेवर आता सहज येतं. डबी सापडली नाही, पण चहा झाला, आणि जमिनीच्या खटल्यासाठी दोन वकिलांचे पत्ते मिळाले.

हे सगळं मी घरातलं म्हणून सोसलं असतं. पण आता हे लोण आमच्या इथल्या मंडळात आलंय, म्हणून बोलणं भाग आहे. आमचा गणपती ज्या हॉलमध्ये बसतो, त्याच्या कुंपणावर गेल्या भाद्रपदात एक नॅनो उगवली. ॲपवर तिचं नाव 'मोदक', आणि शोधणाऱ्याला सूचना दिलीय ती अशी: 'साखर नाही, चुंबक आहे.' आरती चालू असताना दोन गोरे तरुण कुंपणाशी नाडी बांधत होते, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. त्यांना आत बोलावून प्रसाद दिला, त्यांनी तो मनापासून खाल्ला, "थँक यू फॉर द कॅश" म्हणाले, आणि आम्हाला वाटलं ते दक्षिणेबद्दल बोलताहेत.

कार्यकारिणीची बैठक झाली. हा आचरटपणा कुणी केला, यावर दीड तास चर्चा. सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं. भावोजी शपथेवर नाही म्हणाले, आणि शपथ ते खोटी घेत नाहीत, वाकलेले नसले की. सगळ्यांत जास्त आवाज चढला तो आमच्या खजिनदारबाईंचा. संस्कृती, शिस्त, मुलांपुढचा आदर्श, काही म्हणजे काही सोडलं नाही. टेबलावर हात आपटला तेव्हा समोशांची बशी उडाली.

बैठक संपल्यावर भावोजींनी मला पार्किंगमध्ये बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, की त्या मोदकातली पट्टी त्यांनी चिमट्यानं काढून उलटी करून पाहिली आहे. मागच्या बाजूला फिकट निळ्या शाईत अर्धवट छापलेलं दिसतं: 'देणगीदाराचे ना', आणि पुढे कातरीनं कापलेलं. मी काही कुणाचं नाव घेत नाही. मंडळाचं पावतीपुस्तक कुणाच्या पर्समध्ये असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.